पांढऱ्या टोकाची सळई

सकाळपासून काम इतकं सुरळीत चाललं होतं की धाकटीला संशय यायला हवा होता. पण माणसाचं असं असतं, अडचण आली की संशय येतो आणि सुख आलं की तो आपल्याच गुणांचा प्रताप वाटतो. लेथवर सळई गरगरत होती, कापायचं टूल तिच्या अंगावरून सरकत होतं आणि कीस खालच्या ट्रेमध्ये टपटप पडत होता, बारीक, तुटक, मोहरीएवढा. उतरलेली पिन तर अशी चकाकत होती की धाकटीनं तिच्यात स्वतःचं नाक बघून घेतलं. नाक लांबुळकं दिसलं, तरी तिला ते आवडलं.

या पिनांनी गेले काही दिवस तिची झोप उडवली होती. ज्यांचे पाय चालत नाहीत अशांना खुर्चीत बसवून औषधी व्यायामाच्या तलावात उतरवतात. ती खुर्ची ज्या दांड्याला टांगलेली असते, तिथं बोटाएवढ्या जाड पिना लागतात. पहिल्या खुर्चीच्या पिना बाबांनी केल्या होत्या. खरं तर हात थरथरायला लागल्यावर बाबांनी लेथ सोडला होता. सोडला म्हणजे काय, रोज कारखान्यात यायचे, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचे, झाडलोट करायचे आणि दोन्ही मुलींचं काम कसं चुकतंय ते सांगायचे. मग आई जिन्यावरून पडली, तिचे पाय जवळजवळ लुळे पडले, तिला त्या तलावावर न्यायला लागले आणि नेमकं त्याच तलावाच्या खुर्चीचं काम यांच्याकडे आलं. बाबा स्टुलावरून उठले. म्हणाले, "तुमच्या आईच्या खुर्चीच्या पिना मी करणार. कुणी मध्ये पडायचं नाही."

कुणी मध्ये पडलं नाही. फुकट जाणाऱ्या सळईवर दोघी बहिणींनी मनातल्या मनात पाणी सोडलं. आणि बाबांनी अशा पिना उतरवल्या की खुर्च्या बनवणारा माणूस त्या उजेडात धरून बघतच राहिला. आता त्याला दुसऱ्या एका तलावासाठी तशीच खुर्ची करायची होती. "पिना तसल्याच चकचकीत हव्यात," असं त्यानं बजावलं होतं, "म्हाताऱ्यांनी केल्या तशा." धाकटी हो म्हणाली खरी. इतकी वर्षं ती चिवटवर काम करत होती, पण तिच्या हातून तशी चकाकी एकदाही उतरली नव्हती.

आता चिवट म्हणजे काय ते सांगायला हवं. स्टेनलेस स्टील म्हटलं की लोकांना ताटवाट्या आठवतात आणि सगळे एकाच माळेचे मणी वाटतात. या घरात मात्र दोन जाती मानायचे. कागदोपत्री एकीचं नाव तीनशे तीन, दुसरीचं तीनशे सोळा. घरात त्यांना गोडी आणि चिवट म्हणायचे. गोडीच्या पोटात मुद्दाम चिमूटभर गंधक घातलेलं असतं. त्यामुळे टूल लागलं की तिचा कीस आपोआप तुटतो, टूल फार तापत नाही, काम भराभर उरकतं आणि अंगावर चकाकी येते. नट, बोल्ट, नळाच्या आतल्या दांड्या, यंत्रांच्या मुठी, असली ढीगभर कामं गोडीवर होतात. चिवट नावाप्रमाणेच. तिचा कीस तुटत नाही, लांबच लांब फीत निघते, टूलला गुंडाळते, सळई धरून फिरवणाऱ्या चकला मिठी मारते आणि हात घातला तर बोट कापते. तो गुंता लोखंडी आकड्यानं ओढून काढावा लागतो. पण खाऱ्या पाण्यात, तलावाच्या औषध घातलेल्या पाण्यात टिकते ती चिवटच. जे गंधक लेथवर गोडीच्या कामी येतं, तेच तिथं तिच्या मुळावर उठतं. वेल्डिंगही तिला सोसत नाही, लगेच तडकते. थोरली म्हणायची, "गोडी म्हणजे आमची धाकटी. दोन शब्द गोड बोला, हवं तसं वळवा." धाकटी म्हणायची, "आणि चिवट कोण ते सांगायला नकोच."

दिसायला मात्र दोघी जुळ्या बहिणी. म्हणून सळई कारखान्यात आली की आधी तिच्या एका टोकाला रंग लागायचा, गोडीला पिवळा आणि चिवटला पांढरा. आणि कापायचं ते कायम दुसऱ्या टोकाकडून. रंगाचं टोक शेवटच्या तुकड्यापर्यंत राहिलं पाहिजे, हा बाबांचा नियम. रंग कापला की सळई अनाथ झाली, असं ते म्हणायचे, आणि अनाथ सळई ते सरळ भंगारात टाकायचे, मग ती हातभर लांब का असेना.

ट्रे भरला तसा धाकटीनं सवयीनं आकडा उचलला. उचलला आणि तो हातात धरून ती तशीच उभी राहिली. ओढायला काही नव्हतंच. सकाळपासून एकदाही फीत निघाली नव्हती, हे तिच्या आत्ता लक्षात आलं. तिनं लेथ बंद केला आणि वळसा घालून मागे गेली. लेथच्या मागच्या भोकातून सळईचं टोक बाहेर आलं होतं. टोक पांढरं होतं. चांगलं पांढरंशुभ्र.

तिचा गोंधळ उडाला. चिवटचा चुरा कसा पडेल? तिला वाटलं, टूलला नवीन पातं लावलंय, त्याची करामत असेल. तिनं जुनं पातं लावलं. चुराच पडला. मग वाटलं, टूल गार ठेवणारं तेलपाणी आज नीट पडतंय म्हणून असेल. तिनं तेलपाणी बंद केलं. धूर निघाला, पण चुराच पडला. वेग कमी केला, वाढवला, टूल खोल घातलं. काही केलं तरी फीत निघायचं नाव नाही. घरात एरवी खोड्या काढणारं पोर अचानक अभ्यासाला बसलं तर आईला जशी शंका येते, तशी तिला आली.

लेथ चालू-बंद होतोय हे ऐकून थोरली पुढच्या खोलीतून आली. गिऱ्हाईक सांभाळणं, माल मागवणं आणि धाकटीला कामाला लावणं ही तिची कामं.

"काय गं, काय चाललंय? मोटर जाळायचीय का?"

"ताई, हे बघ. चुरा पडतोय."

"मग बरंय की. पेढे वाटायचे का?"

"अगं, सळई पांढऱ्या टोकाची आहे."

थोरलीनं ट्रेमध्ये बघितलं, टोक बघितलं, परत ट्रेमध्ये बघितलं. "पांढरं म्हणजे पांढरं," ती म्हणाली. "तुझंच काहीतरी चुकत असेल."

"बरोबर चाललंय, तर माझं काय चुकणार?"

थोरली चिडली. तिनं लोहचुंबक आणला. लोहचुंबक या सळईला चिकटला नाही. मांडणीतल्या दुसऱ्या पांढऱ्या सळईला लावला तर किंचित ओढ लागली.

"ही चिकटतेय," थोरली विजयानं म्हणाली. "म्हणजे हीच खोटी आहे. तुझी ती खरी."

"नाही गं. सळई बारीक करताना गार असतानाच ओढली असेल तर चिवटही थोडी चिकटते. गोडी पण चिकटते कधी कधी."

"मग यातून कळलं काय?"

"काही नाही."

"मग लोहचुंबक ठेवलाय कशाला घरात?"

धाकटीनं ठरवलं की आता एकेक सळई लेथवर लावूनच बघायची. पहिली घेतली पिवळ्या टोकाची. टूल लागलं आणि फर्रकन लांब फीत निघाली, तिच्या मनगटाला चाटून गेली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. थोरली म्हणाली, "कळलं. उलटं झालंय. पांढरं ते पिवळं समजायचं आणि पिवळं ते पांढरं. सोपं आहे." तिच्या जिवात जीव आला. मग धाकटीनं दुसरी पिवळी लावली आणि तिचा चुरा पडला, गोडीचा पडावा तसा. तिसरी पांढरी लावली, तिची फीत निघाली. म्हणजे काही पांढऱ्या खरंच पांढऱ्या होत्या, काही पांढऱ्या पिवळ्या होत्या, काही पिवळ्या पांढऱ्या होत्या आणि उरलेल्यांचं देव जाणे.

"थांब," थोरली कपाळ धरून म्हणाली. "परत पहिल्यापासून सांग. कुठली कुठली आहे?"

"ताई, मला माहीत असतं तर मी तुला हाक मारली असती का?"

"तू हाक मारली नाहीस, मीच आले."

बॅटरीत घालायच्या आम्लाची बाटली कपाटात होती. गोडीवर त्याचा थेंब टाकला की काळपट डाग पडतो आणि सडक्या अंड्याचा वास येतो, तो आतल्या गंधकाचा. हा शेवटचा उपाय. धाकटीनं हातमोजे घालून सकाळच्या सळईवर थेंब टाकला. डाग पडल्यासारखा वाटला. दोघींनी नाकं जवळ नेली, पण वास येईना, किंवा आला तरी कळेना, कारण कारखान्यातल्या तेलालाच गंधकाचा वास आणि त्यात या दोघींचा जन्म गेलेला. शेवटी सळई काढून रस्त्यावर नेली. मोकळ्या हवेत दुसरा थेंब टाकला आणि थोरलीनं पदरानं नाक दाबलं. समोरच्या शिंप्यानं काही न विचारता खिडकी लावून घेतली.

सळई गोडी होती. यात आता दुमत राहिलं नाही.

धाकटीनं खिशातला चाकू काढला आणि पांढरं टोक खरवडलं. पांढऱ्याचा पापुद्रा निघाला आणि खालून पिवळा रंग दिसला, जुना, तेलकट. ती धावत आत गेली आणि मघाची पिवळ्या टोकाची सळई खरवडली. पिवळ्याखाली पांढरा. कुणीतरी सगळ्या सळयांना नव्यानं रंग दिला होता, आणि वाटेल तसा दिला होता.

"तू रंगवलीस?" थोरलीनं विचारलं.

"मी कशाला रंगवू? तू?"

"मला वेळ आहे का?" थोरली म्हणाली, "कुणीतरी मुद्दाम केलंय. आपल्या वाईटावर असलेलं."

आपल्या वाईटावर असलेला माणूस रात्री कुलूप उघडून येईल, काही चोरणार नाही, फक्त सळयांची टोकं नीटनेटकी रंगवून कुलूप लावून जाईल, हे थोरलीला स्वतःलाही पटत नव्हतं. कारखान्याच्या किल्ल्या तिघांकडेच होत्या. तिसऱ्याचं नाव कुणी घेतलं नाही. डोळ्यांवर कातडं ओढायचं म्हटलं की माणूस किती लांबचा चोर शोधतो!

मग धाकटीला दुसरी गोष्ट सुचली. सकाळची ही सळई नवी नव्हती. अर्धी वापरलेली होती. बाबांनी आईच्या खुर्चीच्या पिना केल्या, त्यातून ती उरली होती, आणि उरलेल्या भागाला त्यांनीच चिंधी बांधून ठेवली होती, खुर्चीच्याच कामाला लागेल म्हणून.

"ताई," ती म्हणाली, "आईच्या खुर्चीच्या पिना गोडीच्या आहेत."

 थोरलीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. आज आईचा तलावावर जायचा दिवस होता. बाबा तिला सोडून घरी परतले असतील. या वेळी ती पाण्यात असेल, किंवा खुर्चीत, किंवा खुर्चीतून पाण्यावर अधांतरी. फोन लावला तर वाजत राहिला. आईचा फोन नेहमीप्रमाणे कपडे बदलायच्या खोलीत, पिशवीत असणार. तलावाच्या कचेरीतला कुणी उचलेना.

दोघी तशाच तेलकट कपड्यांनी निघाल्या. वाटेत थोरली स्कूटर चालवता चालवता स्वतःशीच बोलत होती. "चार-सहा महिन्यांत काय होणार आहे? स्टेनलेस आहे शेवटी. नाव काय आहे त्याचं? स्टेनलेस!" धाकटी मागे बसून ऐकत होती. तिला काहीच कळेनासं झालं होतं. बाबा चुकतील हे खरं मानावं तर इतक्या वर्षांचं सगळं शिकलेलं हलत होतं, आणि खोटं मानावं तर हातातल्या आम्लाच्या बाटलीचं काय करायचं? ती बाटली तिनं चुकून बरोबर आणली होती.

तलावाच्या दालनात ऊन वाफ भरली होती आणि औषधाचा वास डोळ्यांना झोंबत होता. आई पाण्यात होती, काठाच्या दांडीला धरून पाय हलवत होती. खुर्ची तिच्या शेजारी पाण्यात बुडालेली होती आणि तलावावरच्या मदतनीस बाई तिला खुर्चीत बसवायच्या तयारीत होत्या.

"थांबा!" थोरली इतक्या मोठ्यानं ओरडली की पाण्यातले सगळे दचकले. "खुर्ची वापरू नका. तिला खुर्चीत घेऊ नका!"

"का हो?" मदतनीस बाई घाबरल्या. "पोटात दुखतंय का त्यांच्या?"

"माझ्या पोटात का दुखेल?" आई पाण्यातून म्हणाली. "आणि तुम्ही दोघी अशा अवतारात कशा आलात? लोक काय म्हणतील? केसांना तेल लागलंय तुझ्या, यंत्राचं."

बरीच समजूत घालून, पट्ट्याचा आधार देऊन, दोन बायकांनी आईला उथळ बाजूच्या पायऱ्यांवरून वर आणलं. तिला पायरी चढून फार दिवस झाले होते. एकेका पायरीला ती थांबत होती आणि कारखानदार मुलींच्या नावानं खडे फोडत होती. मग रिकामी खुर्ची वर घेतली. वरून सगळं छान दिसत होतं. पिनांची डोकी अजून चकाकत होती. त्यांच्या कडेला मात्र चहाच्या डागासारखी तपकिरी कड आली होती.

धाकटीनं पक्कड घेतली. पहिली पिन सरळ बाहेर आली, अंगावर किडीसारखी बारीक भोकं होती. दुसरी पिन खालची, पाण्यात जास्त वेळ बुडणारी. अडकवायच्या कडीसाठी त्या पिनेला एक खाच होती. धाकटीनं पक्कड जरा पिळली, फार जोरही लावला नव्हता, आणि पिन त्या खाचेवर कट्‌कन तुटली. तुकडा फरशीवर पडून घरंगळत आईच्या पावलापाशी गेला.

 मदतनीस बाई आपल्याच गळ्याला हात लावून उभ्या राहिल्या. त्यांनी त्या खुर्चीत रोज किती माणसं बसवली होती, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. थोरलीनं हातानंच खूण केली की खुर्ची बंद, आणि खुर्चीवाल्याला तिथूनच फोन करून सांगितलं की पिना आम्ही चुकीच्या दिल्यात, नव्या आम्हीच देणार, तोवर कुणाला बसवायचं नाही. आम्ही, असं म्हणाली ती. इतर वेळी तिनं धाकटीचं नाव पुढे केलं असतं.

आईनं तुकडा उचलून मागितला. चष्म्याशिवाय तिला तो नीट दिसला नाही. तिनं तो ओल्या पंचात गुंडाळून मांडीवर ठेवला.

"ह्यांनी केलेल्या ना या?"

"हो."

"ह्या पिना केल्यापासून हे कसे वागताहेत, लक्षात आलंय का तुमच्या?" आई म्हणाली. "सकाळी दाढी करून तयार. मला इथं सोडायला येतात तर सगळ्यांना खुर्ची दाखवतात. परवा त्या बाईंना म्हणाले, हात अजून शाबूत आहे. मला म्हणाले, तू बस निर्धास्त, मी केलंय ते."

थोरली गडबडीनं म्हणाली, "आपण सांगायलाच नको त्यांना. नव्या पिना बसवून टाकू गुपचूप. त्यांना काय कळतंय?"

जन्मभर फटकळ म्हणून नाव कमावलेल्या बाईनं हे म्हणावं, याचं धाकटीला नवल वाटलं. आणि आपण नाही म्हणतोय, याचं त्याहून. "आणि उद्या ते परत रंग लावतील," ती म्हणाली. "मग दुसऱ्या कुणाची तरी आई बसेल."

दोघींनी आईकडे बघितलं. आई पंचाची गुंडाळी दाबत होती. "सांगा," ती म्हणाली. "पण माझ्यासमोर नको. मी केस पुसत आत बसते. त्यांना मी बघतेय असं वाटायला नको."

रिक्षा करून आईला घरी आणलं तेव्हा बाबा खिडकीपाशी खुर्ची टाकून बसले होते. हातात जुनं मोजायचं माप होतं, ते फडक्यानं पुसत होते. हात थरथरत होता तरी माप पडत नव्हतं, ही सवय. आईला वेळेआधी आलेली बघून ते उठायला लागले, पण आई थोरलीच्या आधारानं आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

धाकटीनं पिनेचे दोन्ही तुकडे, पकडीतला आणि आईकडून घेतलेला, त्यांच्या तळहातावर ठेवले. बाबांनी ते डोळ्यांजवळ नेले नाहीत. अंगठा फिरवला. अंगठा खाचेपाशी गेला आणि तिथंच राहिला.

"हे आईच्या खुर्चीचं," ते म्हणाले. प्रश्न नव्हता. "तिला लागलं का?"

"नाही. ती पाण्यात होती."

त्यांनी श्वास सोडला. मग म्हणाले, "सळई पांढऱ्या टोकाची होती. मी बघून घेतली होती."

"टोकं तुम्ही रंगवलीत का, बाबा?" थोरलीनं विचारलं. इतक्या हळू की तिला ते परत विचारावं लागलं.

"रंग उडाला होता सगळ्यांचा. तुम्हाला सवड कुठे असते? मी बसूनच असतो. जो रंग होता त्यावरच तोच दिला."

धाकटीनं पिशवीतून सळईचा एक तुकडा काढला, येताना तो तिनं कारखान्यातून घेतला होता. त्याचं टोक पिवळं होतं, हळदीसारखं. तिला हे करायचं नव्हतं. तिला वाटत होतं, अजूनही काहीतरी वेगळं निघेल, रंगाच्या डब्यातच खोट असेल, कुणीतरी तिला वेड्यात काढेल आणि ती आनंदानं वेड्यात निघेल. तिनं टोक त्यांच्यासमोर धरलं.

"हा कुठला रंग आहे?"

बाबांनी बघितलं. तुकडा हातात घेतला, खिडकीकडे वळले, उजेडात फिरवला. डोळे बारीक केले. त्यांच्या डोळ्यांतल्या बाहुलीवर साय धरल्यासारखं काहीतरी होतं, ते धाकटीला पहिल्यांदाच दिसलं. एका घरात राहून कसं दिसलं नाही, याची तिला लाज वाटली.

"पांढराच आहे की," बाबा म्हणाले. मग त्यांनी मुलींच्या चेहऱ्यांकडे बघितलं आणि त्यांना उत्तर कळलं. त्यांनी तुकडा खिडकीच्या कठड्यावर ठेवला, फार जपून, काच असल्यासारखा.

"मोतीबिंदू असेल," थोरली घाईघाईनं म्हणाली. "काही नाही त्यात. काढून टाकतात हल्ली, लगेच घरी सोडतात. उद्याच जाऊ. डोळे म्हटले की चुकायचेच, बाबा. यात तुमचा काय दोष?"

ती सुटका होती. आयती, सगळ्यांना परवडणारी. बाबांनी नुसती मान हलवायची होती. धाकटीलाही मनापासून वाटलं की त्यांनी हलवावी. पण सकाळपासून एक गोष्ट तिच्या घशात अडकली होती, आणि ती तिच्या तोंडून निघून गेली.

"पण बाबा, कीस? रंग नाही दिसला, ठीक आहे. कीस तर हाताला लागला असेल. चुरा पडत होता ना? तुम्हाला कळलं नाही?"

थोरलीनं तिच्याकडे डोळे वटारले. आतल्या खोलीत काहीतरी हललं आणि थांबलं.

बाबांनी उजवा हात मांडीवर उलटा ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिले. हात थरथरत होता. त्यांनी डाव्या हातानं त्याचं मनगट धरलं, तरी बोटं थरथरतच राहिली.

"कळलं होतं," ते म्हणाले. "पहिल्याच पिनेला कळलं होतं. चिवट अशी कापली जात नाही. आजवर कधी गेली नाही."

"मग थांबला का नाहीत?"

"मला वाटलं," बाबा म्हणाले, "माझा हात परत आला."